काबिजादींची रेषा : गोव्यातील मतदान आणि पक्ष

गोव्याच्या विधानसभेसाठी पहिले मतदान ९ डिसेंबर १९६३ रोजी झाले. पोर्तुगीज राजवट संपून तेव्हा जेमतेम दोन वर्षे उलटली होती. गोवा, दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेश होता आणि त्याच्या सभागृहातील ३० जागांपैकी २८ गोव्याच्या होत्या, दमण आणि दीवची एकेक. त्या निवडणुकीत मतदारांची जी विभागणी दिसली तिचे मूळ १९६३ पेक्षा बरेच जुने आहे. नंतरच्या साठ वर्षांत पक्ष आले, फुटले, विरले; विभागणीच्या खुणा मात्र निकालांच्या नकाशावरून पूर्ण पुसल्या गेल्या नाहीत.

गोव्याचा प्रदेश पोर्तुगीजांच्या हाती एकदम आला नाही. तिसवाडी १५१० मध्ये आणि बार्देश व साष्टी १५४३ मध्ये त्यांच्याकडे गेले. मुरगाव हा साष्टीचाच भाग होता. या जुन्या काबिजादींत, म्हणजे आधी काबीज केलेल्या मुलखात, सोळाव्या-सतराव्या शतकांतली धर्मांतरे झाली, देवळे पाडली गेली, चर्चे उभी राहिली आणि पोर्तुगीज शिक्षणाला वाव मिळाला. फोंडा, सांगे, केपे, काणकोण, डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल १७६३ ते १७८८ या काळात त्यांच्या ताब्यात आले. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. या नव्या काबिजादींत देवस्थाने टिकली, कीर्तन-भजन टिकले, पंतोजींच्या मराठी शाळा चालत राहिल्या. सत्तरीच्या राणे घराण्याची बंडेही याच मुलखातली. एकाच सत्तेखाली असे दोन समाज वाढले. जुन्या काबिजादींत कॅथलिकांचे प्राबल्य होते, नव्यांत हिंदूंचे. पण बार्देश आणि तिसवाडीत हिंदूही मोठ्या संख्येने होते, हे पुढचे निकाल वाचताना विसरता येत नाही.

मतदानाची ओळख गोव्याला भारतातील बहुतेक प्रदेशांच्या आधी झाली. पोर्तुगालमध्ये घटनात्मक राजवट आल्यावर १८२२ मध्ये गोव्यातून लिस्बनच्या संसदेसाठी प्रतिनिधी निवडले गेले. बेर्नार्दो पेरिस द सिल्वा हे त्यांतले एक. मताधिकार अर्थातच मूठभरांचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘पार्तिदु इंडियानु’ आणि ‘पार्तिदु उल्त्रामारिनु’ असे दोन पक्षही उभे राहिले. त्यांची भांडणे मुख्यतः साष्टीतील उच्चभ्रू कॅथलिक घराण्यांची होती, पण ती कडवी होती. २१ सप्टेंबर १८९० रोजी मडगावात नगरपालिकेच्या निवडणुकीच्या वेळी सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या आणि माणसे मेली. १९१० च्या पोर्तुगीज प्रजासत्ताकाने हिंदूंना नागरी समानता दिली, त्यांच्यातील शिकलेल्यांना सार्वजनिक जीवनाची दारे उघडली. हुकूमशहा सालाझारच्या काळात ती पुन्हा बंद झाली. या सगळ्या निवडणुकांत कुळे, दुसऱ्याच्या जमिनीत घर बांधून राहणारे मुंडकार, गावडे, मासेमार खारवी, ताडी काढणारे रेंदेर कोठेच नव्हते. त्यांनी मतपत्रिका हाती घेतली ती १९ डिसेंबर १९६१ नंतरच्या गोव्यात.

मुक्तीनंतरची पहिली दोन वर्षे लष्करी आणि मग मुलकी प्रशासनाची गेली. लोकसभेवर डॉ. पुंडलिक गायतोंडे आणि डॉ. आंतोनियु कोलासो यांची नियुक्ती झाली. निवडणुकीत काँग्रेस सहज जिंकेल, असा दिल्लीत समज होता. गोव्यात काँग्रेसजवळ स्वातंत्र्यसैनिक होते, पुरुषोत्तम काकोडकरांसारखे नेते होते आणि नेहरूंचे नाव होते. तरीही गोव्याच्या २८ जागांपैकी एकही तिला मिळाली नाही. तिचा एकमेव आमदार दमणमधून आला.

या पराभवाचे कारण उमेदवारांच्या याद्यांत सापडते. काँग्रेसच्या याद्यांत आणि व्यासपीठांवर बहुजन समाजाला आपले भाटकारच दिसत होते. गावात ज्याच्या जमिनीत राबायचे, ज्याच्या भाटात झोपडी बांधून त्याच्या मर्जीवर राहायचे, तोच आता खादी घालून मत मागत होता. मुक्तीनंतर पोर्तुगीज गेले. भाटकार होता तिथेच राहिला. ही नाराजी ज्याने ओळखली तो पक्ष म्हणजे १९६३ मध्ये स्थापन झालेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, लोकांच्या तोंडी मगो. दयानंद बांदोडकर हे त्याचे नेते. ते स्वतः खाणमालक होते, पण गोमंतक मराठा समाजातून आलेले, दानशूर म्हणून नावाजलेले आणि लोकांमध्ये सहज मिसळणारे. सिंह या निशाणीवर मगोने दोन गोष्टी मागितल्या : गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण आणि कुळांना न्याय. पहिल्या मागणीची चर्चा फार झाली. मते मात्र दुसरीनेही तितकीच, कदाचित जास्तच, आणली. महाराष्ट्रात कूळकायदा झालेला होता. विलीनीकरण म्हणजे भाटकाराच्या जाचातून सुटका, असे समीकरण अनेक घरांत होते.

समोर युनायटेड गोवन्स हा पक्ष होता, थोडक्यात युगो. डॉ. जॅक द सिक्वेरा त्याचे नेते. वेगळे गोवा राज्य, कोकणी भाषा आणि गोव्याचे वेगळेपण हा त्याचा कार्यक्रम होता आणि जुन्या काबिजादींतला कॅथलिक समाज हा त्याचा आधार. निकाल लागला तेव्हा मगोला १४, युगोला १२, काँग्रेसला १ आणि अपक्षांना ३ जागा मिळाल्या. बांदोडकर निवडणुकीला उभेच राहिले नव्हते; तरी २० डिसेंबर १९६३ रोजी मुख्यमंत्री तेच झाले आणि नंतर मडकईतून पोटनिवडणुकीने सभागृहात आले. जागांचा नकाशा पाहिला तर नव्या काबिजादींत मगो, साष्टीत युगो, आणि बार्देश-तिसवाडीत दोघांची चुरस असे चित्र उमटते. देशात बहुतेक ठिकाणी काँग्रेसचा दबदबा असताना एका प्रदेशाने दोन्ही बाजूंनी स्थानिक पक्षच निवडावेत, ही त्या काळात असाधारण गोष्ट होती.

मगोने हा विजय विलीनीकरणाचा कौल मानला. जानेवारी १९६५ मध्ये गोवा विधानसभेने तसा ठराव केला, महाराष्ट्रानेही आपल्या विधिमंडळात केला. युगोचे म्हणणे होते की सरकार निवडणे वेगळे आणि प्रदेशाचे भवितव्य ठरवणे वेगळे. त्यासाठी लोकांना थेट विचारले पाहिजे. केंद्राने अखेर ते मान्य केले आणि संसदेने डिसेंबर १९६६ मध्ये जनमत कौलाचा कायदा केला. निःपक्षपाती वातावरणासाठी बांदोडकरांच्या सरकारने राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित प्रदेश राहण्यासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. प्रचार मुख्यतः मराठी वृत्तपत्रांतून लढला गेला, आणि दोन्ही बाजूंनी. ‘गोमन्तक’ विलीनीकरणाचा पुरस्कर्ता होता, तर ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिक विरोधकांचे मुखपत्र ठरले. त्यातील उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर घरोघर वाचले जाई. विलीनीकरणाला विरोध करायचा तर मराठी वाचणाऱ्या हिंदूंपर्यंत मराठीतच पोचले पाहिजे, हे विरोधकांनी अचूक हेरले होते.

३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिले. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरोधात १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा. साष्टीने दोन पानांना भरभरून मते दिली, तर पेडणे, डिचोली, सत्तरी आणि फोंड्याने फुलाला. पण हा निकाल केवळ धर्माच्या गणिताने लागत नाही. त्या वेळी गोव्याच्या लोकसंख्येत हिंदू सुमारे तीन पंचमांश होते. विरोधी मते मात्र वैध मतांच्या ५५ टक्क्यांवर गेली. म्हणजे हिंदू मतदारांचा बराच मोठा भाग विलीनीकरणाच्या विरोधात गेला. त्यांत कोकणीवादी सारस्वत होते, महाराष्ट्रात एक जिल्हा होऊन राहण्यापेक्षा पणजीत आपले सरकार असावे असे वाटणारे नोकरदार होते. महाराष्ट्रातील दारूबंदीची धास्ती घेतलेले ताडीवाले आणि तावेर्नवालेही होते. कोणत्या कारणाने किती मते फिरली हे मोजता येत नाही; पण ही सर्व कारणे प्रचारात उघड बोलली जात होती.

यानंतर जे घडले ते या इतिहासातले सर्वांत बोलके प्रकरण आहे. कौलानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, २८ मार्च १९६७ रोजी, विधानसभेची निवडणूक झाली. ज्या पक्षाची मुख्य मागणी लोकांनी नुकतीच फेटाळली होती, तोच मगो १६ जागा घेऊन परत आला, आधीपेक्षा दोन जास्त; युगो १२ वरच राहिला. गोव्याच्या मतदाराने दोन प्रश्नांची दोन उत्तरे दिली : प्रदेश आमचा राहू दे आणि सरकार भाऊंचे, म्हणजे बांदोडकरांचे, राहू दे. विलीनीकरणाला नकार देणाऱ्या हिंदू मतदारांपैकी अनेकांना भाटकारशाहीच्या प्रश्नावर बांदोडकरांना पर्याय दिसत नव्हता. गावोगावी निघालेल्या प्राथमिक शाळा, रस्ते, आणि मुख्यमंत्र्यांना कोणीही भेटू शकते हा विश्वास, या गोष्टींचे वजन नकाशाच्या वादापेक्षा जड ठरले. १९७० मध्ये पक्षातल्या काही आमदारांनी बंड केले, तरी १९७२ मध्ये मगोने १८ जागा जिंकल्या. युगो १० वर आला.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी बांदोडकर मुख्यमंत्रिपदावर असतानाच वारले. त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. मुंडकारांना घराचे संरक्षण देणारा कायदा आणि कसेल त्याची जमीन हे तत्त्व आणणारी कूळकायद्याची पाचवी दुरुस्ती त्यांच्या काळात झाली. मगोचे मूळ वचन अशा रीतीने कागदावर तरी पूर्ण झाले, आणि त्याबरोबर पक्षाच्या पायाखालची जमीनही हलू लागली. ज्या कुळाला आपला हक्क मिळाला त्याला सिंहाच्या निशाणीला बांधून ठेवणारे दुसरे काय उरले, याचे उत्तर पक्षाजवळ नव्हते. विलीनीकरणाचा विषय संपलेला होता. पक्षाच्या नावातले ‘महाराष्ट्रवादी’ आता केवळ नाव होते.

पलीकडच्या बाजूला युगोचीही तीच गत झाली. कौल जिंकल्यावर त्याचे मुख्य काम संपले आणि सत्तरच्या दशकात त्याचे बहुतेक लोक काँग्रेसमध्ये गेले. १९७७ च्या विधानसभेत मगोला १५, काँग्रेसला १० आणि जनता पक्षाला ३ जागा मिळाल्या; युगोचे नाव यादीत उरले नव्हते. एप्रिल १९७९ मध्ये मगोचेच तीन आमदार फुटले आणि काकोडकर सरकार पडले. जानेवारी १९८० च्या निवडणुकीत काँग्रेसच्या देवराज अर्स गटाने २० जागा जिंकल्या. मगो ७ वर घसरला. इंदिरा गांधी दिल्लीत सत्तेवर परतल्या होत्या, तेव्हा अर्स काँग्रेसचे हे निवडून आलेले आमदार लगोलग इंदिरा काँग्रेसमध्ये गेले. एका पक्षाच्या नावावर मते घेऊन दुसऱ्या पक्षाचे सरकार चालवण्याचा गोव्यातला हा पहिला ठळक प्रसंग. मतदारांनी त्याबद्दल फारशी तक्रार केल्याचे दिसत नाही; १९८४ मध्ये काँग्रेसला पुन्हा १८ जागा मिळाल्या.

मुख्यमंत्री झालेले प्रतापसिंह राणे हे या नव्या काँग्रेसचे नेमके प्रतीक होते. सत्तरीच्या राणे घराण्यातले हे नेते १९७२ मध्ये मगोच्या तिकिटावर निवडून आले होते. नव्या काबिजादीतला मराठा आणि साष्टीतला कॅथलिक यांना एका पक्षात बसवण्याचे काम त्यांच्या काँग्रेसने जवळपास दशकभर केले. राणे स्वतः १९७२ पासून २०२२ पर्यंत, पन्नास वर्षे, एकदाही न हरता आमदार राहिले. सत्तरीच्या मतदाराने पक्ष बदलला असे म्हणण्यापेक्षा त्याने राण्यांना मत दिले आणि पक्ष राण्यांबरोबर बदलला, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

काँग्रेसने बसवलेल्या या घडीला तडा गेला तो भाषेच्या प्रश्नावर. १९८५ पासून कोकणीला राजभाषा करण्याचे आंदोलन पेटले. समोर मराठीवाद्यांचेही आंदोलन उभे राहिले. १९८६ च्या डिसेंबरात दंगली झाल्या आणि माणसे दगावली. ४ फेब्रुवारी १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही शासकीय वापरात स्थान मिळाले. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले, दमण-दीव वेगळे झाले आणि विधानसभेच्या जागा ४० झाल्या. कायद्याने कोणाचेच पूर्ण समाधान केले नाही. १९८९ मध्ये मराठीवादी मते एकवटली आणि मोडीत निघालेला समजला जाणारा मगो एकदम १८ जागांवर पोचला. काँग्रेस बरोबर अर्ध्यावर, २० वर अडकली. ती मगोची शेवटची मोठी भरारी ठरली.

२० विरुद्ध १८ या संख्याबळातूनच नव्वदच्या दशकातला गोंधळ जन्मला. मार्च १९९० मध्ये चर्चिल आलेमाव आणि सभापती लुइस प्रोतो बार्बोझा यांच्यासह काँग्रेसचे काही आमदार बाहेर पडले आणि मगोच्या साथीने त्यांनी सरकार बनवले. आलेमाव तीन आठवड्यांहून कमी काळ मुख्यमंत्री राहिले, नंतर बार्बोझा आले. डिसेंबरात राष्ट्रपती राजवट लागली आणि पुढल्या महिन्यात रवी नाईक मुख्यमंत्री झाले. ते मूळचे मगोचे आमदार. दशकभर हेच चालले. कोण कोणत्या दिवशी कोणत्या पक्षात होता याची पूर्ण नोंद ठेवणे त्या काळच्या वार्ताहरांनाही जड गेले असणार.

असे का घडले याचे उत्तर नेत्यांच्या स्वभावापेक्षा मतदारसंघाच्या आकारात शोधावे लागते. गोव्याच्या एका विधानसभा मतदारसंघात आजही सरासरी तीस हजारांच्या आत मतदार असतात. महाराष्ट्रात हीच संख्या तीन लाखांच्या पुढे जाते. इतक्या लहान क्षेत्रात आमदार बहुतेक घरांना व्यक्तिशः ओळखतो. नोकरी, बदली, रुग्णालयातली खाट, घराचा परवाना, फेस्ताची किंवा जत्रेची वर्गणी यांतून जे नाते बनते ते पक्षाच्या मध्यस्थीविना बनते. काहीशे मते इकडची तिकडे झाली की निकाल फिरतो. २०२२ मध्ये मुख्यमंत्री प्रमोद सावंत साखळीत ६६६ मतांनी जिंकले. सांत आंद्रेत रिव्होल्युशनरी गोवन्स पक्षाचा उमेदवार ७६ मतांनी आला. अशा ठिकाणी स्वतःची तीन-चार हजार मते बाळगणारा माणूस कोणत्याही पक्षाला हवाच असतो आणि त्यालाही कोणताही पक्ष चालतो. सभागृहही लहान, एकवीस आमदारांचे सरकार दोघांच्या रुसव्याने डळमळते. कुटुंबाचे राजकारण याच मातीत वाढले. २०२२ च्या विधानसभेत तीन स्त्रिया निवडून आल्या आणि तिघींचेही पती त्याच सभागृहात आमदार होते. कुटुंबाचे नाव नेहमीच तारते असे मात्र नाही : २०१२ मध्ये आलेमाव घराण्यातले चौघे उभे राहिले आणि चौघेही हरले.

भारतीय जनता पक्षाचा गोव्यातील उदय या दोन्ही गोष्टींवर, जुन्या रेषेवर आणि नव्या सैलपणावर, उभा आहे. १९९४ मध्ये मगोशी युती करून भाजपने पहिल्यांदा चार जागा जिंकल्या. मनोहर पर्रीकर, श्रीपाद नाईक आणि दिगंबर कामत हे त्या चारांतले तिघे. मगोला १२ मिळाल्या. युतीत आलेल्या धाकट्या भावाने पुढे घरच ताब्यात घेतले. १९९९ मध्ये भाजप १० आणि मगो ४, २००२ मध्ये भाजप १७ आणि मगो २. एका पक्षाची चढण आणि दुसऱ्याची उतरण जवळपास त्याच मुलखात झाली : पेडणे, डिचोली, सत्तरी, सांगे, काणकोण. कुळांच्या आणि बहुजनांच्या पक्षाची जागा हिंदुत्ववादी पक्षाने घेतली खरी, पण नवा मतदार फारसा घडवावा लागला नाही. फोंडा तालुक्यात मात्र ढवळीकर बंधूंनी मडकई आणि प्रियोळ येथे मगोचा सिंह बराच काळ जिवंत ठेवला. २०२२ मध्येही मगोचे दोन आमदार निवडून आले, मडकई आणि मांद्रे येथून.

केवळ नव्या काबिजादींवर बहुमत होत नाही, हे पर्रीकरांना ठाऊक होते. काँग्रेस सरकारवरील भ्रष्टाचाराच्या आरोपांचा, विशेषतः बेकायदा खाणकामाच्या वादाचा, फायदा घेत २०१२ मध्ये त्यांनी कॅथलिक उमेदवार उभे केले, साष्टीत काही अपक्षांना पाठबळ दिले आणि २१ जागा मिळवल्या. राज्य स्थापनेनंतर भाजपला स्वबळावर मिळालेले हे पहिले बहुमत. त्याची किंमत दुसऱ्या बाजूने चुकवावी लागली. चर्चशी संबंधित इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांचे अनुदान भाजप सरकारने चालू ठेवले, तेव्हा मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरणारे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे गोव्यातील नेते सुभाष वेलिंगकर आणि त्यांचे सहकारी भाजपपासून दुरावले. त्यांचा गोवा सुरक्षा मंच, मगो आणि शिवसेना यांनी २०१७ ची निवडणूक एकत्र लढवली. सुरक्षा मंचाला एकही जागा मिळाली नाही, पण भाजपची मते फुटली.

मते आणि जागा यांचा मेळ किती सुटू शकतो हे त्या निकालाने दाखवले. भाजपला ३२.५ टक्के मते आणि १३ जागा, काँग्रेसला २८.४ टक्के मते आणि १७ जागा. मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर स्वतः मांद्रेत हरले. सरकार मात्र भाजपने बनवले. निवडणुकीत त्याच्या विरोधात लढलेले मगो आणि गोवा फॉरवर्ड हे दोन्ही पक्ष प्रत्येकी तीन आमदारांसह त्याच्याबरोबर गेले. गोवा फॉरवर्डने तर भाजपविरोधावरच मते मागितली होती. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये गेले. पक्षांतरबंदी कायद्यातील विलीनीकरणाच्या सवलतीसाठी दोन तृतीयांश आमदार लागतात आणि काँग्रेसकडे तेव्हा पंधरा होते. ज्या प्रदेशाने एकदा विलीनीकरणावर जनमत घेतले तिथे हा शब्द आता आमदारांच्या हिशेबात येऊन बसला.

२०२२ च्या प्रचारात काँग्रेसने आपल्या उमेदवारांना देऊळ, क्रॉस आणि दर्गा येथे नेऊन पक्षनिष्ठेची शपथ घ्यायला लावली. अकरा निवडून आले. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांतले आठ भाजपमध्ये गेले. अकराचे दोन तृतीयांश म्हणजे आठच. त्या निवडणुकीत भाजपला सुमारे एक तृतीयांश मतांवर २० जागा मिळाल्या होत्या. उरलेली दोन तृतीयांश मते काँग्रेस, मगो, रिव्होल्युशनरी गोवन्स, आम आदमी पक्ष, तृणमूल काँग्रेस आणि अपक्षांत विखुरली. तृणमूलला पाच टक्क्यांहून जास्त मते मिळूनही एक जागा मिळाली नाही. आम आदमी पक्षाचे दोघे आले ते बाणावली आणि वेळ्ळी येथून. दोन्ही मतदारसंघ साष्टीतले, कॅथलिक बहुसंख्येचे.

विधानसभेतली ही उलथापालथ बाजूला ठेवून लोकसभेचे निकाल पाहिले तर जुनी रेषा अधिक स्पष्ट दिसते. गोव्याला दोन जागा आहेत : पूर्वीच्या पणजी आणि मुरगाव, आता उत्तर आणि दक्षिण गोवा. १९६७ मध्ये पणजीतून मगोचे जनार्दन शिंक्रे गेले, मुरगावातून युगोचे इराज्मु द सिक्वेरा. १९७७ मध्ये पणजीतून मगोचे अमृत कांसार, मुरगावातून काँग्रेसचे एदुआर्दो फालेरो. १९८९ मध्ये मगोचे गोपाळराव मयेकर आणि पुन्हा फालेरो. १९९६ मध्ये मगोचे रमाकांत खलप आणि युनायटेड गोवन्स डेमोक्रॅटिक पक्षाचे चर्चिल आलेमाव निवडून आले. उत्तरेत १९९९ पासून २०२४ पर्यंत श्रीपाद नाईक सलग सहा वेळा जिंकले आहेत. दक्षिणेने भाजपला १९९९ आणि २०१४ मध्ये संधी दिली, तीही काँग्रेसविरोधी मते एकवटली तेव्हा किंवा देशभर लाट होती तेव्हा. २०२४ मध्ये देशात भाजपप्रणीत आघाडीचे सरकार परत येत असताना दक्षिण गोव्याने काँग्रेसचे विरियातो फर्नांडिस निवडले. तिथल्या निकालाची चावी साष्टीतल्या मतदानाच्या टक्केवारीत असते. भाजपचे उमेदवार सांगे, केपे, काणकोण, फोंड्याकडे आघाडी घेतात. साष्टी भरभरून मतदान करते की नाही यावर बाकीचे ठरते.

रेषेच्या दोन्ही बाजूंची माणसे मात्र बदलली आहेत. १९६१ च्या सुमारास एक तृतीयांशाहून जास्त असलेले ख्रिस्ती २०११ च्या जनगणनेत २५.१ टक्क्यांवर आले. त्यामागे आखात, इंग्लंड आणि पोर्तुगीज पासपोर्टवर युरोपात झालेले स्थलांतर आहे, तसेच कर्नाटक, महाराष्ट्र आणि उत्तर भारतातून आलेले लोकही आहेत. वास्को आणि मडगावच्या मतदार याद्यांत बाहेरून आलेल्यांचे प्रमाण लक्षणीय झाले आहे. रिव्होल्युशनरी गोवन्स पक्षाने आपले राजकारण याच अस्वस्थतेवर उभारले. मूळ गोवेकर कोण हा त्याचा प्रश्न आहे आणि त्याला मत देणाऱ्यांत दोन्ही काबिजादींतले, दोन्ही धर्मांचे तरुण आहेत.

एका समाजाच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न या साऱ्या काळात मागेच राहिला. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना अनुसूचित जमातींचा दर्जा २००३ मध्ये मिळाला. २०११ च्या जनगणनेत त्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या दहा टक्क्यांच्या वर भरले. तरीही २०२२ पर्यंतच्या कोणत्याही निवडणुकीत चाळीसपैकी एकही जागा त्यांच्यासाठी राखीव नव्हती. अनुसूचित जातींसाठी पेडणे ही एक जागा राखीव आहे. पक्षांनी जमातींतले उमेदवार दिले, काही निवडून आले, काही मंत्रीही झाले. पण ते नेहमी सर्वसाधारण जागांवर, इतरांच्या मतांच्या आधारावर. अनुसूचित जमातींसाठी विधानसभेत जागा राखण्याची तरतूद करणारे विधेयक संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये मंजूर केले. राखीव मतदारसंघ कोणते असतील हे त्या विधेयकात ठरलेले नाही. या समाजाची दाट वस्ती सांगे, केपे, काणकोण, फोंडा आणि साष्टीच्या काही गावांत असल्याने ज्या जागा राखीव होतील त्या दोन्ही काबिजादींत विखुरलेल्या असण्याची शक्यता आहे.